सियावुलाची गणित-विज्ञानाची पुस्तकं: सोलापूरच्या वर्गात किती उपयोगाची?

सेमी इंग्रजीच्या नववी-दहावीला किंवा अकरावी-बारावी सायन्सला शिकवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाने दक्षिण आफ्रिकेतल्या सियावुला या संस्थेची ‘एव्हरीथिंग मॅथ्स’ आणि ‘एव्हरीथिंग सायन्स’ ही पुस्तकं उतरवून घ्यावीत. तिकडच्या दहावी, अकरावी आणि बारावीसाठी गणिताचं एकेक आणि विज्ञानाचं एकेक, अशी सहा पुस्तकं आहेत. शिवाय पूर्ण उत्तरांसह शिक्षक-पुस्तिका. सगळं मोफत आणि कायदेशीर. मात्र ती मुलांच्या हातात जशीच्या तशी देऊ नयेत. का देऊ नयेत आणि कशी द्यावीत, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण या पुस्तकांचं बळ आणि त्यांच्या उणिवा दोन्ही त्या देशाच्या शिक्षणव्यवस्थेच्या घडणीतून आलेल्या आहेत.

आधी जमेची बाजू. पुस्तकातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण पायऱ्यांमध्ये तोडलेलं आहे आणि प्रत्येक पायरीला मथळा आहे: आधी काय दिलंय ते लिहा, मग कोणतं सूत्र लागेल ते ठरवा, मग किमती घाला, शेवटी उत्तर पडताळा. आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेलं गणित इथं अर्धं पान घेतं. हुशार मुलाला हे संथ वाटेल. पण घरी विचारायला कोणी नाही, शिकवणीची फी परवडत नाही, अशा मुलासाठी हे अर्धं पानच खरं पुस्तक आहे.

हे असं का लिहिलंय? १९५३ साली दक्षिण आफ्रिकेत बांटू एज्युकेशन ॲक्ट झाला आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण मिशनरी शाळांकडून काढून सरकारने आपल्या हातात घेतलं. हेतू उघड होता: मजुरीपुरतं शिकवायचं. ज्या खात्याकडे हे शिक्षण आलं, त्याचे मंत्री हेन्ड्रिक फेरवुर्ड यांनी संसदेतच विचारलं होतं की, ज्या मुलाला गणित व्यवहारात वापरताच येणार नाही, त्याला ते शिकवून उपयोग काय. पुढं १९७४ मध्ये निम्मे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवायची सक्ती आली आणि त्यात गणितही होतं. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेतोची मुलं रस्त्यावर उतरली ती याच सक्तीविरुद्ध, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९९४ मध्ये गोऱ्यांची राजवट जाऊन सत्ताबदल झाला तेव्हा वंशानुसार विभागलेली डझनाहून अधिक शिक्षण खाती मोडून एक राष्ट्रीय आणि नऊ प्रांतिक खाती उभी करायची होती. १९९६ च्या साउथ आफ्रिकन स्कूल्स ॲक्टने सात ते पंधरा वर्षांच्या किंवा नववीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची केली. कागदावर हे काम दोन वर्षांत झालं. पण ज्यांना स्वतःलाच गणित नीट शिकू दिलं नव्हतं, अशा शिक्षकांची पिढी वर्गात उभी होती. ती कायद्याने बदलत नाही.

त्यावर जो उपाय काढला, त्याने अडचण वाढवली. १९९८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने ‘करिक्युलम २००५’ आला. निष्पत्तीवर, म्हणजे मुलाला शेवटी काय जमायला हवं यावर आधारलेलं शिक्षण, शिक्षकाने आपलं साहित्य आपणच तयार करायचं, पाठ्यपुस्तकाला दुय्यम स्थान. ज्या शाळेत ग्रंथालय नाही, झेरॉक्स मशीन नाही, तिथं शिक्षकाने साहित्य कशातून तयार करावं? सधन शाळांनी हा अभ्यासक्रम पेलला, गरीब शाळा आणखी मागं पडल्या. २००० साली पुनरीक्षण समिती बसली, २००२ मध्ये सुधारित आराखडा आला. २००९ मध्ये पुन्हा एक समिती नेमली गेली आणि तिने पाठ्यपुस्तकाला त्याची जागा परत द्यायला सांगितलं. त्यातून ‘कॅप्स’ नावाचा आजचा अभ्यासक्रम आला, २०१२ ते २०१४ या काळात. कोणत्या सत्रात, कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं, इतकं त्यात नेमून दिलेलं आहे.

सियावुलाची पुस्तकं नेमकी या वळणावर कामाला आली. त्यांचं मूळ २००२ मधलं: केप टाउन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मार्क हॉर्नर आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वयंसेवकांकडून मुक्त परवान्याची विज्ञान-पुस्तकं लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढं शटलवर्थ फाउंडेशनच्या आधाराने सियावुला उभी राहिली, मजकूर कॅप्सप्रमाणे बसवला गेला आणि २०१२ साठी सरकारने ही पुस्तकं छापून शाळांना वाटली. एका देशाच्या सरकारने मुक्त परवान्याचं पुस्तक अधिकृतपणे देशभर वाटावं, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या बालभारतीच्या पीडीएफही फुकट उतरवता येतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. त्यातला मजकूर बदलून, भाषांतर करून वाटायची मोकळीक नाही. इथं आहे.

मात्र परवाना नीट बघा, बहुतेकांची चूक इथंच होते. या पुस्तकांच्या दोन आवृत्त्या निघाल्या. पहिलीवर प्रायोजकांची चिन्हं असतात. ती कितीही छापा, कितीही वाटा, पण मजकूर बदलायचा नाही. दुसरी चिन्हांशिवायची: ती बदला, भाषांतर करा, दोन प्रकरणं काढून स्वतःची पुस्तिका करा, विकलीत तरी चालेल. अट एकच, मूळ कोणाचं ते लिहायचं, परवान्याचं नाव द्यायचं आणि आपण काय बदललं ते नोंदवायचं. मराठी, कन्नड किंवा तेलुगू टिपणं करायची असतील तर दुसरीच उतरवा. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर परवाना छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय टायपिंगला बसू नका.

आता सगळ्यात मोठा खड्डा: दशांशचिन्ह. दक्षिण आफ्रिकेत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. गुरुत्वत्वरण तिथं ९,८ असतं. हजार वेगळे दाखवायला मध्ये जागा सोडतात: १२ ५००. आपल्या मुलाला २,५०० दिसलं की तो अडीच हजार वाचणार, पुस्तकात ते अडीच असतं. मुलगा बुद्धीने कमी पडला म्हणून नाही, तर चिन्ह वेगळं म्हणून त्याचं गणित चुकतं, आणि उत्तरसूचीशी ताळा बसत नाही म्हणून तो पुस्तकच मिटून ठेवतो. उपाय सोपा आहे. पहिल्या तासाला फळ्यावर पाच आकडे दोन्ही पद्धतींनी लिहून घ्या. टिपणं करताना सगळे दशांश बदला, पण संगणकाला सरसकट ‘स्वल्पविरामाचा बिंदू करा’ अशी आज्ञा देऊ नका. त्याने निर्देशकांच्या कंसातले आणि वाक्यांमधलेही स्वल्पविराम बदलतात. हे काम डोळ्यांनीच करावं लागतं.

दुसरा खड्डा इयत्तेचा. तिकडची दहावी म्हणजे आपली दहावी नव्हे. वर्गसमीकरणांत अवयव पाडून सोडवणं तिकडच्या दहावीत आहे. पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र आणि मुळांचं स्वरूप अकरावीत. वर्तुळाची प्रमेयं अकरावीत, समरूपता आणि प्रमाणाची प्रमेयं थेट बारावीत. अंकगणिती श्रेढीची बेरीज बारावीच्या पहिल्या प्रकरणात मिळेल. त्रिकोणमितीची गुणोत्तरं दहावीत, नित्यसमानता अकरावीत. अंतराचं सूत्र, मध्यबिंदू, चढ, शंकू, गोल आणि संभाव्यता मात्र दहावीच्याच पुस्तकात आहेत. म्हणजे आपल्या एसएससीच्या मुलासाठी तिन्ही पुस्तकं शेजारी उघडी लागतात. विभाजन सूत्र, क्रेमरची पद्धत आणि जीएसटी शोधू नका, मिळणार नाहीत. भौमितिक रचनांसाठीही बालभारतीच धरा.

बारावी सायन्सच्या मुलांना स्पष्ट सांगावं: हे गणिताचं पुस्तक एचएससीला पुरत नाही. तिकडच्या बारावीत विकलन (डिफरन्सिएशन) आहे, संकलन (इंटिग्रेशन) नाही. सारण्या (मॅट्रायसेस) नाहीत, सदिशांचं प्रकरण नाही, विकलक समीकरणं नाहीत. सीईटी किंवा जेईई करणाऱ्याने पाया पक्का करायला वापरावं, त्याच्या भरवशावर राहू नये.

तरीही एका प्रकरणासाठी हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे. दहावीच्या गणितातलं ‘फंक्शन्स’. रेषा, पॅराबोला, हायपरबोला, घातांकी आलेख आणि त्रिकोणमितीय आलेख, सगळे एकाच साच्यात मांडलेत. मूळ आलेख घ्यायचा, त्याला ए ने गुणायचं, त्यात क्यू मिळवायचा आणि काय बदललं ते तक्त्यात भरायचं. पॅराबोलात ए धन असताना तोंड वर, ऋण असताना खाली. चिन्ह सोडून ए चं मूल्य वाढलं की तो अरुंद होतो. क्यू वाढला की अख्खा आलेख वर सरकतो. मूल आधी स्वतः आलेख काढतं, मग नियम शोधतं. आपल्या दहावीच्या बीजगणितात मुलं वर्गसमीकरणाची मुळं काढतात, पण ती मुळं म्हणजे पॅराबोला एक्स-अक्षाला जिथं छेदतो ते बिंदू, हे बहुतेकांना अकरावीपर्यंत कळत नाही. हे एक प्रकरण चार तासिकांत घ्या. आलेखकागद, दोन रंगांची पेन्सिल आणि उणे तीन ते तीन एवढ्याच किमती पुरतात. एक चूक हमखास होते: मुलं उणे दोनचा वर्ग उणे चार लिहितात आणि पॅराबोला एका बाजूला खाली पडतो. कंस घालून वर्ग करायची सवय तिथंच लावावी.

विज्ञानाच्या पुस्तकात भौतिक आणि रसायन एकत्र आहेत आणि प्रकरणं आलटून पालटून येतात, कारण कॅप्सची सत्रं तशी आहेत. तिकडचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, चार सत्रांचं असतं. आपल्या जूनच्या वर्षात तो क्रम पाळायचं काही कारण नाही. प्रयोगांची मांडणी चांगली आहे: साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता, मग प्रश्न. दहावीच्या पहिल्या सत्रातला पाण्याचा तापन-वक्र करून बघावा. बर्फ बीकरमध्ये घ्यायचा, तापमान लिहायचं, मग दर मिनिटाला नोंद करत उकळेपर्यंत तापवायचं. आलेखात दोन सपाट पट्टे यायला हवेत, एक वितळताना, एक उकळताना.

सोलापुरात पहिला पट्टा बिघडतो. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात बर्फाचे मोठे खडे घेतले तर खालचं पाणी तापतं आणि वर बर्फ तरंगत राहतो. थर्मामीटर पाण्यात असला की शून्याऐवजी चार-पाच अंश दाखवतो. बर्फ बारीक कुटा, ज्योत मंद ठेवा, काचेच्या कांडीने सतत ढवळा आणि थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नका. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घेतला तर उत्तमच. दुसरा पट्टा शंभरावर येत नाही, तेव्हा थर्मामीटर खराब आहे असं समजू नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. जोहान्सबर्ग साडेसतराशे मीटरवर आहे, तिथं चौऱ्याण्णवच्या जवळ. मुलांना या दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवून हवेच्या दाबाचा संबंध काढायला लावा. याहून चांगला प्रश्न पुस्तकातही नाही.

छपाईबद्दल. गणिताचं एक पुस्तक पाचशे पानांच्या आसपास आहे. पाठपोट ए-फोरवर अडीचशे कागद होतात आणि एवढं जाड स्पायरल महिन्याभरात फाटतं. दोन किंवा तीन भाग करा, किंवा त्याहून बरं, लागेल ते प्रकरण छापा. छापताना पीडीएफच्या पान क्रमांकावर जा. सुरुवातीची पानं धरली की तो आणि पुस्तकावर छापलेला क्रमांक जुळत नाहीत, आणि दुकानात नेहमी पुढची-मागची पानं येतात. रंगीत आलेख काळ्या-पांढऱ्यात एकसारखे राखाडी दिसतात. छापून झाल्यावर एका प्रतीवर पेनने रेघा वेगळ्या करून मग त्या प्रतीवरून पुढच्या झेरॉक्स काढा. मोबाइलवर वाचायला ईपब मिळतं, पण काही ॲपमध्ये समीकरणं तुटतात. अपूर्णांकाचा छेद खालच्या ओळीत घसरला की मूल तो वेगळी संख्या समजतं. मोबाइलवरही पीडीएफच बरी.

समासात आणि स्वाध्यायांच्या खाली छोटे सांकेतिक क्रमांक आहेत. ते संकेतस्थळावर टाकले की त्या भागाची चित्रफीत किंवा उत्तर उघडतं. ज्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला, त्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना ही कल्पना नवी नाही. क्यूआर मात्र जास्त सोयीचा. सांकेतिक क्रमांक हाताने टाकताना शून्य आणि ओ यांची गल्लत होते. टिपणांत त्या दुव्यांचे क्यूआर करून चिकटवले तर मुलांचा वेळ वाचेल.

भाषेची उणीव मोठी आहे आणि ती बोचते. वरच्या वर्गांची ही पुस्तकं इंग्रजी आणि आफ्रिकान्स या दोनच भाषांत आहेत. देशात सर्वाधिक घरांत झुलू बोलली जाते, पण झुलूतून दहावीचं गणित मिळत नाही. तिथं पहिली ते तिसरी मातृभाषेतून आणि चौथीपासून बहुतेक मुलांना एकदम इंग्रजी, असं चालत आलंय. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीच्या ८१ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लावता आला नाही. २०२५ पासून चौथीत मातृभाषा आणि इंग्रजी सोबत ठेवायला सुरुवात झाली आहे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतून किंवा उर्दू घरांतून सेमीच्या वर्गात आलेलं मूल याच वळणावर अडतं, हे सोलापूरच्या शिक्षकाला सांगायला नको. त्यासाठी तिथल्या सरकारच्या प्राथमिक कार्यपुस्तिका बघाव्यात. २०११ पासून निघतात, वर्षाला दोन भाग. पहिली ते तिसरीच्या गणिताच्या पुस्तिका अकरा भाषांत आहेत आणि पानांची मांडणी सारखी. तोच साचा धरून मराठी-कन्नड किंवा मराठी-तेलुगू सरावपत्रं करता येतील. त्यांचा परवाना सियावुलासारखा नाही, म्हणून मांडणी बघा, मजकूर आपला लिहा.

आणि पुस्तक मोफत असलं म्हणजे ते पोचतं असं नाही. २०१२ मध्ये लिंपोपो प्रांतातल्या शाळांना वर्षाचे कित्येक महिने पाठ्यपुस्तकंच मिळाली नाहीत. ‘सेक्शन २७’ ही संस्था कोर्टात गेली, मे महिन्यात प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने पुस्तकं पोचवायचा आदेश दिला, तरी तारखा उलटत राहिल्या. अखेर २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक विषयाचं पुस्तक मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. पीडीएफची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकून मोकळं होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत कारखान्यात जातो, त्या मुलाला लिंकचा उपयोग नाही. त्याला दहा छापील पानं द्या.

सरावासाठी पुस्तकापेक्षाही मोलाची गोष्ट तिथल्या मूलभूत शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आहे: बारावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका, गुणदान सूचीसह. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण आणि तीन तास. विज्ञानालाही तसेच दोन, पहिला भौतिकचा, दुसरा रसायनाचा. गुणदान सूचीत पद्धतीचा गुण वेगळा, अचूकतेचा वेगळा असतो. आधीच्या पायरीत आकडा चुकला पण पुढची रीत बरोबर असेल तर पुढचे गुण कापले जात नाहीत, आणि हे कुठं लागू ते ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. नवख्या शिक्षकाने पेपर तपासायला शिकण्यासाठी यातली चार-पाच पानं बारकाईने वाचावीत. तिकडं उत्तीर्णतेची अट मात्र सैल आहे: मातृभाषेत ४० टक्के, आणखी दोन विषयांत ४०, तीन विषयांत ३०. गणिताऐवजी ‘मॅथेमॅटिकल लिटरसी’ घ्यायची मुभा आहे आणि त्याचे पेपर वेगळे असतात. उतरवताना नाव नीट वाचा. दोन्ही फायली एकाच यादीत असतात आणि घाईत दुसरीच उतरते. व्यवहारी गणिताच्या सरावाला मात्र ती दुसरीही चांगली आहे: वीजबिल, कर्जाचे हप्ते, नकाशाचं प्रमाण. रँड या तिकडच्या चलनाचे रुपये करताना नुसतं चिन्ह बदलू नका, दर आणि व्याजही इथले घाला, नाहीतर उत्तर गणितात बरोबर आणि व्यवहारात खोटं येईल.

शिक्षक-पुस्तिकेबद्दल एक सूचना. तिच्यात प्रत्येक स्वाध्यायाचं पूर्ण उत्तर आहे आणि तीही सगळ्यांना खुली आहे. घरचा अभ्यास तिच्यातूनच उतरून येणार, हे धरून चाला. प्रश्न जसाच्या तसा देण्याऐवजी संख्या बदला, किंवा सोडवलेलं उत्तर देऊन त्यात मुद्दाम एक पायरी चुकवा आणि चूक कुठं आहे ते शोधायला लावा. जुनी आवृत्ती वापरत असाल तर उत्तरसूची त्याच आवृत्तीची घ्या. पुढच्या आवृत्तीत काही स्वाध्यायांचे क्रमांक बदललेले आढळतील.